आपल्या पिस्तुलाला कोणता छर्रा मानवतो, हे कसं ओळखायचं

माझा धंदा लेथचा. शिवाजी उद्यमनगरात सकाळी साडेनऊला मशीन चालू होतं, आणि दिवसभर मी दहा मायक्रॉनवरून, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागावरून, माणसांशी भांडत असतो. नेमबाजीशी माझा संबंध पुतणीमुळं आला. तिला दहा मीटर एअर पिस्तुलाच्या सरावाला सोडायचं आणि दोन तासांनी न्यायला जायचं, एवढंच काम होतं. पण त्या दोन तासांत बाकावर बसून कानावर काय पडायचं? ‘चार पूर्णांक एकोणपन्नास घे, पन्नास नको.’ म्हणजे शिशाच्या छर्‍याच्या डोक्याचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दहा मायक्रॉनचा फरक! माझ्याच दुकानातली भाषा इथंही चालते हे ऐकून मी कान टवकारले, आणि पुढची दोन वर्षं सुट्टीचे दिवस त्यात घातले.

कोल्हापुरात हा विषय चहाच्या टपरीवरही निघतो, यात नवल नाही. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जागतिक विजेती झाली. राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण आणलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्य घेतलं, आणि त्यानंतर गल्लीगल्लीत पोरं पिस्तूल मागायला लागली. पालक खर्चाला तयार असतात, पण छर्‍याच्या बाबतीत फसतात. कुणी सांगितलं म्हणून महागडे चार डबे आणायचे, आठवड्यानं पाचवा. म्हणून मी जे करून बघितलं ते सगळं क्रमानं लिहितोय. पिस्तुलासाठी लिहितोय, पण रायफलवाल्यांना जिथं वेगळं पडतं तिथं सांगेन.

एक गोष्ट आधीच संपवतो, कारण ती मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं. ‘आवाज कमी करायला नळी बसवता येईल का? काडतुसं घरी भरता येतात का?’ लेथवाला दिसला की लोकांना असे प्रश्न सुचतात. बंदुकीचा आवाज दाबणारी जोडणी २०१६ च्या शस्त्र नियमांत प्रतिबंधित वर्गात मोडते, आणि परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं हा १९५९ च्या शस्त्र कायद्यानं गुन्हा आहे. मी ते करत नाही, आणि करणार्‍याला ओळखतही नाही. शिवाय आपल्या खेळाला त्याची गरजच नाही. २० अंश तापमानाला आवाज हवेत सेकंदाला ३४३ मीटर जातो. आपला छर्रा पिस्तुलातून निघतो सुमारे १५० मीटरनं आणि रायफलमधून १७० ते १७५ नं. निम्म्याच्या आसपास. म्हणून बार निघाला तरी ‘फट्’ एवढंच ऐकू येतं. राही किंवा स्वप्नीलच्या .२२ च्या सामन्याच्या काडतुसांचा वेगसुद्धा कारखान्यातच मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली ठेवलेला असतो, कारण ती रेषा ओलांडताना गोळी डगमगते. तेही नेमबाज काडतुसं भरत बसत नाहीत. वेगवेगळ्या लॉटची, म्हणजे कारखान्यात वेगवेगळ्या खेपेला बनलेली, काडतुसं आपल्या बंदुकीतून मारून बघतात आणि जो लॉट मानवला तो उचलतात. आपल्याला छर्‍याचं नेमकं तेच करायचं आहे.

४.५ मिलिमीटर व्यास आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या हवाई शस्त्राला आपल्याकडं परवाना लागत नाही. अर्ध्या ग्रॅमपेक्षा थोडा कमी छर्रा १५० मीटर वेगानं म्हणजे पाच ज्यूलच्या आसपास, रायफलचा आठच्या आसपास. परवाना नाही म्हणजे खेळणं आहे असं मात्र समजू नका. पाच ज्यूलला डोळा जातो. नळी कायम निशाण्याकडं, बोट ट्रिगरबाहेर, आणि हातातून खाली ठेवताना नळीतून नारिंगी सेफ्टी फ्लॅगची दोरी आरपार. चाचणी करतानाही हेच, कारण चाचणीच्या नादात माणूस आकड्यांकडं बघतो आणि नळीकडं बघायचं विसरतो.

छर्रा म्हणजे डमरू

सामन्याचा छर्रा हातात घेऊन नीट बघा. डमरूसारखा आकार आहे. पुढं सपाट डोकं, मध्ये बारीक कंबर, मागं पोकळ घेर. डोकं नळीतल्या पिळाच्या कंगोर्‍यांवर सरळ बसतं आणि छर्‍याला दिशा देतं. मागचा घेर पातळ असतो. हवेचा दाब आला की तो किंचित फुलतो आणि नळी बंद करतो. डोकं सपाट का, तर कागदाला पंचसारखं गोल, स्वच्छ भोक पडावं म्हणून. टोकदार छर्रा कागद फाडतो, मग गुण मोजताना वाद होतात. टोकदार आणि घुमटी डोक्याचे छर्रे दुकानात दिसतील, ते आपल्या कामाचे नाहीत.

डब्यावर दोन आकडे महत्त्वाचे. एक वजन: पिस्तुलाला ०.४५ ग्रॅमच्या आसपास, रायफलला ०.५३ च्या आसपास. दुसरा डोक्याचा व्यास: ४.४८ पासून ४.५२ पर्यंत, बहुतेक वेळा ४.४९ किंवा ४.५०. यातला कुठला चांगला हे कुणीच परस्पर सांगू शकत नाही. त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची दोन पिस्तुलं वेगवेगळा व्यास मागतात, कारण नळीचंही दहा मायक्रॉन इकडंतिकडं होतंच. मी लेथवर उभा असतो, मला हे पटवून द्यावं लागत नाही.

मायक्रोमीटरनं डोकं मोजायच्या भानगडीत पडू नका. मी पडलो. शिसं इतकं मऊ की मायक्रोमीटरचा खटका वाजेपर्यंत छर्रा दबलेला असतो. तीनदा मोजलं, तीन मापं आली, आणि छर्रा लंबगोल झाला. ज्यांना हौस आहे त्यांच्यासाठी भोकांची पट्टी मिळते. छर्रा ज्या भोकातून अलगद खाली पडतो ते त्याचं माप. पण खरं माप तुमची नळी घेते, आणि निकाल कागदावर लिहिते.

आधी पिस्तूल तपासा, मग छर्रा

बहुतेक जण इथं घाई करतात. पिस्तुलाची हवाच एकसारखी सुटत नसेल तर छर्‍याची परीक्षा घेण्यात अर्थ नाही.

हिशेब सांगतो. छर्र्याला दहा मीटर जायला सात शतांश सेकंदाच्या आसपास लागतात. तेवढ्या वेळात तो गुरुत्वाकर्षणानं साधारण २३ मिलिमीटर खाली येतो. ते आपण निशाणा लावताना भरून काढतो, म्हणून जाणवत नाही. पण वेग कधी १५० आणि कधी १४७ असा झाला, तर ही घसरण जवळपास एक मिलिमीटरनं बदलते. पिस्तुलाच्या निशाण्याच्या कार्डावर दोन रेषांतलं अंतर ८ मिलिमीटर, म्हणजे एक गुण; त्याचा दशांश गुण ०.८ मिलिमीटरचा. नुसत्या वेगाच्या चढउतारानं एक दशांश गेला. रायफलच्या कार्डावर रेषा अडीच मिलिमीटरवर आहेत, तिथं त्याच तीन मीटरच्या फरकानं दोन दशांशांहून जास्त जातात.

म्हणून पहिली पायरी क्रोनोग्राफ, म्हणजे वेग मोजायचं यंत्र. प्रत्येकानं विकत घ्यायची गरज नाही. रेंजवर कुणाकडं तरी असतं, नसेल तर चार पालकांनी मिळून घ्यावं. एकाच डब्यातले दहा छर्रे मारा, दहा आकडे लिहा. सर्वांत मोठा वजा सर्वांत लहान. सामन्याचं चांगलं, रेग्युलेटर (दर बाराला हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) असलेलं पिस्तूल हा फरक दोन-तीन मीटरच्या आत ठेवतं. पाच-सहा मीटर आला तर छर्रे बदलू नका, पिस्तूल दुरुस्तीला द्या. सील गेलेलं असेल किंवा रेग्युलेटर घाण झाला असेल.

पिस्तुलाच्या हवेच्या नळकांड्यात हवा किती उरली आहे तेही लिहून ठेवा. २०० बार दाबानं भरलेलं नळकांडं रेग्युलेटरच्या पातळीजवळ उतरलं की वेग पडू लागतो. चाचणीच्या मधोमध हे झालं तर शेवटचा छर्रा विनाकारण बदनाम होतो.

हवा भरण्याबद्दल एक वाक्य, आणि ते उद्यमनगरातल्या माणसाचं आहे म्हणून ऐका: वेल्डिंगच्या ऑक्सिजनच्या बाटलीतून हवाई पिस्तुलाचं नळकांडं कधीही भरायचं नाही. ‘दाब दाबच असतो की’ असं म्हणणारा मला भेटला आहे. दाबातला ऑक्सिजन आणि तेलाचा एक थेंब एकत्र आले की स्फोट होतो, चर्चा होत नाही. फक्त कोरडी, स्वच्छ हवा. हातपंपानं किंवा डायव्हिंगच्या बाटलीतून, सावकाश. जोडणीला साधं मशीन ऑइल लावू नका. नळकांड्यावर छापलेली मुदतही बघा. दहा वर्षं उलटलेलं नळकांडं सामन्यात चालत नाही, आणि घरीही चालवू नये.

काय विकत आणायचं

सुरुवातीला एक-एक डबा आणा, त्याहून जास्त नको. डब्यात बहुधा पाचशे असतात. आरडब्ल्यूएसचा आर१०, एच अँड एनचा फिनाले मॅच, जेएसबीचे सामन्याचे छर्रे, चिनी क्यूवायएस ही नावं रेंजवर ऐकू येतात. माझा सल्ला असा की दोन कंपन्या आणि प्रत्येकीचे दोन व्यास, म्हणजे चार डबे. रेंजवर चार मित्र असतील तर चौघांनी एकेक डबा आणून शंभर-शंभर वाटून घ्यायचे. आम्ही तसंच केलं. मिसळीच्या बिलापेक्षा फार जास्त खर्च आला नाही. हां, मिसळ चौघांची आणि पाव जादा, असं धरून.

डब्याच्या तळाला किंवा कडेला लॉट नंबर असतो. तो वहीत लिहा. एकाच नावाचे, एकाच व्यासाचे दोन डबे वेगळ्या लॉटचे असले तर ते वेगळे छर्रे समजायचे.

डोळ्यांनी निवडणं

पांढर्‍या कागदावर पन्नास छर्रे ओता, हळू. उंचावरून ओतलं तर घेर वाकतात. वरून भिंग धरा. घेराला चिर, दाब, लंबगोलपणा दिसला की बाजूला. डोक्यावर शिशाचा कण चिकटलेला असला तर तोही बाजूला. चांगल्या डब्यात शंभरात दोन-चार निघतात. दहा-पंधरा निघाले तर डबा प्रवासात आपटलेला आहे.

मग काच. आमच्याकडं मशीनवर ठेवायची सपाट काच आहे, तुमच्याकडं आरसा चालेल. एका कडेखाली वही घालून किंचित उतार करा आणि छर्रा आडवा सोडा. डोकं आणि घेर यांचे व्यास वेगळे, त्यामुळं तो सरळ जात नाही, कमानीत गोल फिरतो. चांगल्या डब्यातले सगळे जवळपास एकाच कमानीत फिरतात. एखादा लटपटत, उड्या मारत गेला, तर तो वाकडा आहे. हे काम पोरांना फार आवडतं. पुतणीनं एका संध्याकाळी दोनशे छर्रे असे निवडले. तोंडानं गाणं चालू, हातानं काम. नंतर हात धुवायला लावले, ते पुढं सांगतो.

वजन करावं का?

यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला, म्हणून थोडं लांबण लावतो.

किराणा दुकानातला काटा सोडाच, पण बाजारात स्वस्तात मिळणारा, ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटाही इथं उपयोगाचा नाही. छर्रा ०.४५ ग्रॅम, काट्याची एक पायरी ०.०१, म्हणजे दोन टक्क्यांहून जास्त. जो फरक शोधायचा त्यापेक्षा काट्याची चूक मोठी. मिलिग्रॅमचा काटा हवा. तो कुठं असणार? गुजरीत. माझ्या ओळखीच्या एका सराफांकडं काचेच्या पेटीतला काटा आहे. दुपारी गिर्‍हाईक नसताना गेलो. ते म्हणाले, ‘बसा दादा, पण शिसं माझ्या काट्याला लागू देऊ नका.’ त्यांनी कागदाची चकती ठेवली, काटा शून्यावर आणला, आणि आम्ही शंभर छर्रे एकेक करून मोजले. सोनं तोलणार्‍या माणसानं शिसं तोलायला एक तास दिला; चहाही त्यांनीच पाजला.

निकाल असा: सामन्याच्या चांगल्या डब्यात बहुतेक छर्रे एकमेकांच्या चार-पाच मिलिग्रॅमच्या आत होते. म्हणजे एक टक्का. आता तोच हिशेब पुढं न्या. ऊर्जा तीच धरली तर वजन एक टक्का वाढलं की वेग अर्धा टक्का कमी होतो, घसरण एक टक्क्यानं बदलते. २३ मिलिमीटरचा एक टक्का म्हणजे पाव मिलिमीटरहूनही कमी. पिस्तुलाच्या कार्डावर दशांश गुणाच्या तिसर्‍या हिश्शापेक्षा कमी.

त्यात पिस्तुलाच्या पात्रता फेरीत गुण पूर्णांकातच धरतात, ६० बार, ६०० पैकी. आणि दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं. छर्‍याच्या भोकाची कड रेषेला टेकली तरी दहा मिळतात, म्हणून छर्‍याचा मध्य केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत पडला की दहा. १६ मिलिमीटरच्या वर्तुळात पाव मिलिमीटर शोधायला गुजरीत जायचं? मी गेलो, तुम्ही जाऊ नका. रायफलवाल्यांचं वेगळं. त्यांच्या कार्डावर दहा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका, पात्रता फेरीतही दशांश मोजतात, आणि दशांश पाव मिलिमीटरचा. तिथं एक टक्का वजन अर्ध्या-पाऊण दशांशाला जातं. राज्य पातळीला पोचलेल्या रायफलवाल्यानं सामन्याच्या साठ छर्‍यांचं वजन केलं तर मी त्याला हसणार नाही.

पिस्तूल स्थिर धरणं

हातात धरून छर्‍याची चाचणी होत नाही. माणसाचा हात छर्‍यापेक्षा दसपट वाईट. दोन मार्ग आहेत.

पहिला: शेगडा, म्हणजे बेंचव्हाइस. जड टेबलाला शेगडा बोल्टनं पक्का करा, जबड्यांना लाकडाचे किंवा नायलॉनचे ठोकळे लावा, आणि पिस्तुलाची लाकडी मूठ काढून मधली धातूची फ्रेम त्यात धरा. खालचं हवेचं नळकांडं कधीही शेगड्यात आवळायचं नाही, ते दाबाचं भांडं आहे. नळीही आवळायची नाही, ती दबली तर पिस्तूल गेलं. फ्रेमसुद्धा हातानं आवळेल तेवढीच. दांड्याला पाइप घालून जोर लावायचा नाही. पिस्तूल उघडायचा अनुभव नसेल तर मूठ काढायला प्रशिक्षकांना बोलवा. माझ्या पहिल्या प्रयत्नात टेबलच हलत होतं, आणि मी अर्धा दिवस छर्‍यांना शिव्या घातल्या. दुसर्‍या वेळी टेबलाच्या पायात पन्नास किलो बीड (ओतीव लोखंड) ठेवलं, मग भोकं एकमेकांत बसली.

दुसरा: वाळूच्या पिशव्या. जुन्या जीन्सच्या पायात कोरडी वाळू भरून दोन्हीकडं शिवा. एक पुढं, एक मुठीखाली, खुर्चीवर बसून दोन्ही हातांनी. शेगड्याइतकं बिनचूक नाही, पण चांगला आणि वाईट छर्रा वेगळा ओळखण्याइतकं पुरतं.

शक्यतो हे सगळं रेंजवरच करा. घरी करायचं झालं तर बंद खोलीत किंवा वाड्याच्या सोप्यात, जिथं मागून कुणी दार उघडून येणार नाही अशा ठिकाणी. निशाण्यामागं लोखंडी पत्रा ४५ अंशात खाली झुकवलेला, त्यापुढं जाड पेटी, म्हणजे छर्रा खाली पडेल, उलटा येणार नाही. सरळ उभ्या पत्र्यावरून छर्रा मागं उडतो. सगळ्यांच्या डोळ्यांवर चष्मा. गच्चीवर नको, परसात नको.

बार मारायचा क्रम

चार डब्यांना अ, ब, क, ड म्हणा. छर्रा बदलला की आधी पाच-दहा बार बाजूच्या कार्डावर मारा, कारण नळीत आधीच्या छर्‍याचं शिसं बसलेलं असतं. मग दहा बारांचा एक गट, एका कार्डावर. अ झाला की ब, क, ड. मग उलटं: ड, क, ब, अ. मग पुन्हा सरळ. असे प्रत्येकाचे निदान पाच गट. उलटसुलट का? दुपारनंतर खोली तापते, नळकांड्यातली हवा उतरते, आणि तुम्हीही कंटाळता. नेहमी ‘ड’ शेवटी आला तर हे सगळं त्याच्या माथी जातं.

एका गटावर निर्णय देऊ नका, हे मी ओरडून सांगेन. पाच बारांचा एक सुंदर गट आला की माणूस फोटो काढतो, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो आणि सहा डबे मागवतो. तोच छर्रा पुढच्या गटात दुप्पट पसरतो. नशिबाचा भाग छोट्या गटात फार असतो. मला ‘ब’ पहिल्या दिवशी सर्वांत चांगला वाटला होता; पाच गटांनंतर तो तिसरा आला.

कार्डामागं जाडसर पुठ्ठा लावला तर भोक स्वच्छ पडतं. प्रत्येक कार्डावर तारीख, छर्रा, लॉट, नळकांड्याचा दाब, गटाचा क्रम लगेच लिहा. ‘नंतर लिहू’ म्हटलेली कार्डं माझ्या ड्रॉवरमध्ये अजून अनाथ पडली आहेत.

मोजणं

गटाची सर्वांत लांबची दोन भोकं घ्या, त्यांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर व्हर्नियरनं मोजा आणि त्यातून ४.५ वजा करा. हे झालं मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर. बाहेरून ७ मिलिमीटर आलं तर गट अडीचचा. पाच गटांची सरासरी काढा, आणि सर्वांत वाईट गटही वेगळा लिहा. मी सरासरीपेक्षा वाईट गटाकडं आधी बघतो. सामन्यात तोच हिसका देतो.

दोन छर्‍यांच्या सरासरीत अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी फरक असेल तर दोघं सारखेच समजा आणि जो सहज मिळतो, स्वस्त आहे तो घ्या. पुतणीच्या पिस्तुलात महागड्या आणि मधल्या दराच्या डब्यात फरक निघाला नाही. व्यासात मात्र निघाला: ४.४९ चे गट उघड लहान, ४.५१ चे विस्कटलेले. म्हणजे आम्ही नाव शोधत होतो आणि उत्तर व्यासात होतं.

हे ठरलं की त्याच लॉटचे जमतील तेवढे डबे एकदम घ्या, निदान पुढच्या सामन्यापर्यंत पुरतील एवढे. दुकानदाराला आधी लॉट नंबर विचारा. ‘सगळे सारखेच आहेत’ म्हणाला तर स्वतः डबे उलटे करून बघा. एकदा एका ठिकाणाहून मागवलेल्या सहा डब्यांत तीन लॉट निघाले आणि परत घ्यायला तयार होईनात. ते सरावात संपवले.

पावसाळा आणि डबा

आपल्याकडं जूनच्या मध्यापासून चामड्याच्या चपलेवर बुरशी येते, शिसं कसं सुटेल? दमट हवेत राहिलेल्या छर्‍यावर पांढरी भुकटी धरते. ती पुसून वापरायची नाही, फुंकर तर मुळीच मारायची नाही. शिशाची भुकटी आहे, नाकात जाते. असा डबा बाजूला काढा. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून कपाटात वरच्या कप्प्यात ठेवा. पुड्या महिन्याला बदला. पंचगंगेच्या काठच्या घरातल्या लोकांना वरचा कप्पा का, हे २०१९ च्या पुरानंतर सांगायला नको.

सामन्याला नेताना खाचांची पेटी मिळते, एका खाचेत एक छर्रा. त्यात साठ आणि सरावाच्या बारांसाठी वीस-पंचवीस जादा ठेवा. मोजलेले असल्यामुळं किती बार झाले हे पेटीकडं बघूनही कळतं. डब्यात बोटं घालून चाचपडण्यात घेर वाकतात आणि लयही मोडते.

नळी साफ करणं

यात मतं माणसागणिक वेगळी. आम्ही पाचशे बारांनंतर, म्हणजे डबा संपला की, दोरीला बांधलेलं मऊ कापड किंवा फेल्ट मागच्या बाजूनं घालून पुढून ओढून काढतो, दोन-तीनदा, काळं यायचं थांबेपर्यंत. लोखंडी सळई किंवा ब्रश नाही. नळीचं पुढचं तोंड सर्वांत नाजूक. तिथं एक ओरखडा पडला की वर लिहिलेली सगळी मेहनत फुकट. आणि साफ केल्यावर लगेच सामना खेळू नका. पंधरा-वीस बार गेल्यावर नळी परत बसते.

हात

शिसं अंगात साठतं आणि लहान पोरांना जास्त बाधतं. छर्रा तोंडात धरायची जुन्या छर्‍याच्या बंदूकवाल्यांची सवय असते, ती पहिल्या दिवशी मोडा. सराव संपला की साबणानं हात, मग जेवणाचा डबा. रेंजवर खाणं नाही. वडापाव कितीही गरम असला तरी बाहेर, हात धुऊन. निशाण्यामागची पेटी झाडूनं कोरडी झाडायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची, आणि ते फडकं घरात वापरायचं नाही. साठलेलं शिसं बरणीत बंद करून भंगारवाल्याला द्या आणि काय आहे ते सांगून द्या. कुणी ते घरात वितळवून गळाची वजनं ओतायचा बेत करत असेल तर करू देऊ नका; रंकाळ्यावर गळ टाकणारा आमच्या गल्लीतला एकजण माझ्याकडं त्यासाठी दोनदा येऊन गेला आहे.

पुतणीचं आता ४.४९ वर ठरलं आहे, आठ डबे एका लॉटचे कपाटात आहेत. परवा ती म्हणाली, ‘काका, छर्रा बरोबर आहे, शेगडा बरोबर आहे, तरी माझे सात का जातात?’ मी कार्ड बघितलं. सातवाले सगळे बार डावीकडं खाली. ट्रिगर ओढताना मनगट मोडतंय. त्याचं माप माझ्या व्हर्नियरमध्ये नाही. ते तिच्या सरांकडं.